डॉक्टर हू मधलं प्रेम बघायचंय? हितनं सुरू कर
भावा, डॉक्टर हू म्हंजे काळात फिरणाऱ्या ‘डॉक्टर’ची ब्रिटिश टीव्ही मालिका, ती १९६३ पासनं सगळी बघायच्या नादाला लागू नकोस, तिथंच दमशील. २००५ पासनं धर. आधी एकच एपिसोड बघायचा असंल तर २००६ चा ‘द गर्ल इन द फायरप्लेस’. शेकोटीच्या अलीकडं अंतराळयान, पलीकडं अठराव्या शतकातलं फ्रान्स, हिकडं डॉक्टरची काही मिनिटं जातात अन् तिकडं त्या फ्रेंच बाईची वर्षं निघून जातात, शेवटी तिचं पत्र येतं तवा मी रंकाळ्याच्या कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसलोवतो, लय गलबलून आलं.

मग २००७ चे ‘ह्यूमन नेचर’ आणि ‘द फॅमिली ऑफ ब्लड’, दोन्ही सलग बघ.

‘डूम्सडे’ हा एपिसोड मात्र आधी लावू नको, नवीन पोरं हीच चूक करतात. डॉक्टरबरोबर फिरणारी रोझ, तिची दोन सीझनची सोबत बघितल्याशिवाय त्यातला तो समुद्रकिनारा काळजाला भिडतच नाही.