साताऱ्याजवळ आई-वडिलांना घेऊन तासभर निवांत चालता येईल असं शांत गाव कुठलं? (ट्रेक नको)

खरं तर मी इथं फक्त वाचते, लिहायच्या फंदात पडत नाही. पण खाली एकानं उत्तर दिलंय की "औंधला जाऊ नका, एक म्युझियम नि एक टेकडी, अर्ध्या तासात संपतं" आणि ते वाचून गप्प बसवेना. औंध माझं माहेर. खटाव तालुक्यातलं औंध, पुण्यातलं नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं त्याचाही आता कंटाळा आलाय.

तुम्ही लिहिलंय की आईचे गुडघे दुखतात, वडिलांची बायपास झालीय, गर्दी नको, चढ नको आणि साताऱ्यापासून फार लांब नको. मग औंधच. साताऱ्याहून कोरेगाव, रहिमतपूर करत या, ४०-४५ किलोमीटर पडतं.

रस्ता म्हणाल तर बोर्ड लावलेला असा काही नाही, साधा गावातला रस्ता आहे. गाडी स्टँडच्या आसपास लावा, पेठेतनं चालत राजवाड्याकडं या. वाड्याजवळच गावातल्या यमाईचं देऊळ, तिची दगडी दीपमाळ लांबनंच दिसते त्यामुळं कुणाला विचारायचीही गरज नाही. देवळात टेका जरा. तिथनं डोंगराच्या पायथ्यापर्यंत जा नि परत फिरा, झालं. ज्यांना झेपेल त्यांनी पुढं पायऱ्यांनी म्युझियमपर्यंत, आणि अजून दम असेल तर वर मूळपीठाच्या यमाईला. पायथ्यापर्यंतचं चालणं एवढंसं आहे की तुमचे वडील सकाळी बिल्डिंगखाली याच्यापेक्षा जास्त चालत असतील.

आता "अर्ध्या तासात संपतं" याबद्दल. हे वाक्य मी आमच्या घरात लग्न झाल्यापासून ऐकतीय. सासर माझं पलूसचं, आणि थोरल्या दिरांना, म्हणजे भाऊजींना, जिथं गाडी जात नाही ते ठिकाणच वाटत नाही. यमाई सासरची पण कुलदेवी, त्यामुळं जाणं होतंच, पण यांचं जाणं म्हणजे गाडी थेट वर मूळपीठापर्यंत, ओटी, नारळ, अंगारा, खाली, चला. गाव बघितलंच नाही कधी, काचेतनं दिसलं तेवढंच.

एका वर्षी सप्टेंबर संपता संपता आम्ही सगळे निघालो, सासूबाई, भाऊजी-जाऊबाई, पोरं, आम्ही दोघं. नवरात्राच्या आधी जाऊन येऊ म्हणजे गर्दी लागायची नाही, इथपर्यंत ठीक. पण भाऊजींनी त्याच दिवशी कासच्या पठाराचं दुपारचं बुकिंग काढून ठेवलेलं! औंध साताऱ्याच्या पूर्वेला, कास पश्चिमेला, मध्ये अख्खं सातारा, आणि यांच्या फोनमध्ये वेळ लावलेली की औंध इतके वाजता संपलं पाहिजे. फुलं बघायला माझी ना नाही, कासला २०१२ मध्ये जागतिक वारसा मिळालाय, सगळं मान्य. पण कुलदेवीला "उरकायचं" का?

औंधात शिरल्यावर सासूबाई म्हणाल्या मला खाली उतरवा, पेठेतनं चालत जाते, किती वर्षं झाली. भाऊजी म्हणाले, "आई, गाडी पार देवळापर्यंत जाती, गुडघे बघ की तुझे." सासूबाई म्हणाल्या, "गुडघे माझे हायत." मी दार उघडून उतरलेच होते. मग ते बाकीच्यांना घेऊन वर गेले आणि आम्ही दोघी चालत निघालो.

आणि मग जे झालं त्याला मी काय करणार. राजवाड्याच्या अलीकडं एका घराच्या ओट्यावर एक आजी सुपात घेवडा निवडत बसलेल्या. आमच्या भागातला वाघ्या घेवडा, फिकट दाण्यावर तांबड्या रेघा असतात तो, नुकताच निघालेला, अजून शेंगांची टरफलं त्यात. सासूबाई दम खायला ओट्याच्या कडेला टेकल्या. आजींनी विचारलं कुठल्या, या म्हणाल्या माहेर रहिमतपूर. झालं! आजींची धाकटी बहीण रहिमतपुरात दिलेली. कुणाची कोण, कुठल्या आळीत, त्या वाड्याचं पुढं काय झालं, भावकीतला दावा मिटला का, आणि बोलता बोलता सासूबाईंनी सुपातला मूठभर घेवडा स्वतःच्या मांडीवर ओढला आणि लागल्या की निवडायला. किडका दाणा एका बाजूला, खडा एका बाजूला, बारका दाणा परत वेगळा, कारण तो भाजीला वेगळा शिजवायचा असतो म्हणे. माझ्या फोनवर भाऊजींचे कॉलवर कॉल. मी सांगितलं आई बसल्यात, उठल्या की येतो.

मग आम्ही देवळात गेलो. दीपमाळेचे दिवे ठेवायचे दगडी हात असतात ना, खालचे काही हात तेलानं काळे नि गुळगुळीत झालेत, सासूबाईंनी तिथं हात लावून तो तेलकट हात स्वतःच्या गुडघ्यांवर फिरवला. मी हसले तर म्हणाल्या डॉक्टरनं दिलेल्या मलमानं काय फरक पडलाय? पायथ्याला गेल्यावर वर बघून तिथनंच हात जोडले आणि म्हणाल्या, पोहोचला नमस्कार.

तोपर्यंत वरची मंडळी देवी करून म्युझियमही करून खाली आली होती. दहा मिनिटांत म्युझियम! श्रीभवानी चित्रसंग्रहालय, १९३८चं, राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत तिथं, धुरंधरांची आहेत, हस्तिदंताचं बारीक काम आहे. आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई नि मुलाचं दगडी शिल्प आहे. भाऊजी म्हणाले, "बघितलं सगळं, जुनी चित्रं हायत." पुढं केव्हातरी घरात टीव्हीवर कुठल्याशा कार्यक्रमात ते शिल्प दाखवलं, तर हे विचारतात, "हे औंधात कुठं होतं?" होतं तिथंच, तुम्ही समोरनं गेलात.

कास त्या दिवशी हुकलं. सासूबाई पदरात घेवडा बांधून गाडीत बसल्या तेव्हा बुकिंगची वेळ टळून गेली होती. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असलं की "हिच्या औंधापायी कास हुकलं" हे एकदा तरी निघतंच. आणि त्याच्या पाठोपाठ "तसं आहे काय औंधात" हेही.

काय आहे ते एकदा लिहूनच टाकते. ७२ गावांचं एवढंसं संस्थान, पण राजा भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली, म्हणजे इंग्रज इथं असताना, आपली सत्ता आपणहून लोकांच्या हातात दिली, गांधीजींच्या सल्ल्यानं, गावोगावच्या पंचायतींकडं कारभार. राजा स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा आणि शाळेतल्या पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावायचा, आमचे आजोबा त्या शाळेतले, शेवटपर्यंत पाठ ताठ होती त्यांची. साने गुरुजी इथं शिकायला होते, गदिमा होते. वेदांची भाषांतरं करणारे सातवळेकर पंडित १९४८ पर्यंत याच गावात राहिले. गजाननबुवा जोशींचं घराणं इथलं, त्यांच्या वडिलांनी, अंतूबुवांनी, १९४० मध्ये सुरू केलेला गाण्याचा उत्सव आजही आश्विनात होतो, मोठमोठे गवई येऊन गातात आणि ऐकायला सतरंजीवर बसायचं. आणि भाऊजी, तुमचं किर्लोस्करवाडी, जिथनं तुम्ही रेल्वे पकडता, ते १९१० साली याच औंधच्या राजानं लक्ष्मणरावांना दिलेल्या माळावर उभं राहिलंय. एवढं सगळं त्या किलोमीटरभराच्या गावातनं झालं, आणि ते गाडीच्या काचेतनं दिसत नाही. चाललात, थांबलात, ओट्यावरच्या माणसाशी बोललात तर थोडंफार दिसतं. म्हणून तर म्हणतीय चालत जा.

आता महाबळेश्वर-पाचगणी सुचवणारेही आहेत खाली. वीकेंडला पसरणीच्या घाटात गाडी अडकली की तुमच्या वडिलांना तिथंच कंटाळा येईल, म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिकडं जाण्यात काही अर्थ नाही. वाईचे घाट मात्र चांगले आहेत हां, ते मी नाकारत नाही, ढोल्या गणपतीपाशी बसायला छान वाटतं, आणि तिथनं जवळ मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा नि नदीकाठी वसईकडच्या चर्चमधली मोठी घंटा. पण शनिवार-रविवारी तिथंही सेल्फीवाले असतात. मधल्या वारी जाणार असाल तर वाईही चालेल.

औंधच्या बाबतीत काही गोष्टी आधीच सांगायला पाहिजे होत्या. सोमवारी म्युझियम बंद असतं. बाकी दिवशीही आधी चौकशी करून निघालेलं बरं, नुसतं म्युझियमसाठी येऊन कुलूप बघायला लागलं तर मला शिव्या द्याल. पौषात यात्रा असते, तेव्हा शांतता विसरा, नवरात्रातही तेच. मार्च ते मे नको, खटाव-माण म्हणजे दुष्काळी पट्टा, सकाळी ९ नंतर ऊन चटकायला लागतं आणि पेठेत सगळीकडं सावली नाही. यात्रेचे दिवस सोडले तर दिवाळी ते संक्रांत बेस्ट. राजवाडा बाहेरनंच बघायचा असं धरून चाला. जेवणाची फार चोखंदळ हॉटेलं नाहीत, चहा-भजी मिळतील, डबा घेऊन आलात तर उत्तम. रस्त्याला कुठं फरशी उखडलेली, कुठं गटाराचं काम काढलेलं असतं, आईंना चप्पल चांगली पकडीची घालायला सांगा, काठी असेल तर आणा.

आणि वरच्या देवीचं. बायपास झालेल्या माणसाला पायऱ्या चढवू नका, त्यासाठी वरपर्यंत गाडीरस्ता आहे आणि तो वापरण्यात काही कमीपणा नाही, भाऊजींचं तेवढं बरोबर आहे (हे मी त्यांना तोंडावर म्हणणार नाही). मूळपीठ बघण्यासारखं आहेच, किल्ल्यासारखा तट-बुरूज आहे देवळाला, आणि वरनं सगळा माळ दिसतो. फक्त आधी गाव चालून घ्या नि मग गाडीनं वर जा. उलटं केलंत तर वरनं खाली आल्यावर सगळेच म्हणतात दर्शन झालं, निघूया, उशीर होईल. गाडीत असा एक माणूस प्रत्येकाच्या घरचा असतोच. तुमच्यात तो कोण आहे ते तुम्हाला माहीत असेल, त्याला त्या दिवशी दुसरं कुठलं बुकिंग काढू देऊ नका.