आजी शाकाहारी आहेत, हल्ली फार विसरतात. गहू बंद करून फरक पडेल का?

गव्हाला हात लावण्याआधी रक्तातलं बी१२ जीवनसत्त्व तपासा. शाकाहारी घरात, वयाच्या साठीनंतर, विसरभोळेपणामागे सापडणारं आणि भरून काढता येणारं कारण बरेचदा हेच असतं. सोबत पायांना मुंग्या येणं किंवा चालताना तोल जाणं असेल तर संशय आणखी पक्का.

तपासणीचं रक्त बी१२ची गोळी सुरू करण्याआधी द्या, नाहीतर आकडा फुगलेला येतो. २०० पिकोग्रॅम/मिलिच्या खाली कमतरता; २०० ते ३०० असेल तर होमोसिस्टीनही बघा (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक). मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं पित्ताची गोळी चालू असेल तर बी१२ कमी होऊ शकतं, हे डॉक्टरांना सांगा. नुसती फॉलिक ॲसिडची गोळी देऊ नका. रक्त सुधारतं, नसांची हानी मात्र आतून चालूच राहते.

रोजची गरज साधारण २ मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन मोठे पेले दूध. पण एकदा साठा रिकामा झाला की दुधाने भागत नाही. इंजेक्शन किंवा १००० मायक्रोग्रॅमची गोळी लागते. एवढी मोठी का? आतड्यातलं शोषण बिघडलं तरी तिच्यातला सुमारे १ टक्का आपोआप झिरपतो. उशीर झाला असेल तर सगळं भरून येत नाही.

गव्हाचं म्हणाल तर, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असेल तरच विसरण्यासाठी तो सोडण्यात अर्थ. त्याची टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी पोळी चालू असतानाच करा. आधी बंद केलीत तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. निदान झालंच तर डब्यातला हिंगही बघा, बांधणी हिंगात बहुधा मैदा असतो.