बोटीत पार्टनरशिप की चार्टर? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे शिडाच्या यॉटबद्दलचेच आहेत, म्हणून एकत्रच घेतले. सारखे वाटले ते एकात मिसळलेत.

प्रश्न: आम्ही दरवर्षी दोन आठवडे बोट चार्टर करतो. मित्र म्हणतो एवढे पैसे भाड्यात घालवण्यापेक्षा चौघांत मिळून स्वतःची घेऊ. परवडेल का?

आधी कागद पेन घ्या. बोटीची किंमत 100 धरा. बर्थचं म्हणजे बोट बांधून ठेवायच्या जागेचं भाडं, इन्शुरन्स, वर्षातून एकदा पाण्याबाहेर काढून तळाला अँटीफाउलिंग म्हणजे शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणूनचा रंग लावणं, इंजिनचं सर्व्हिसिंग, गंज रोखणारे झिंकचे अ‍ॅनोड, शिडांची दुरुस्ती हे सगळं मिळून वर्षाला किमतीच्या 10 टक्क्यांच्या आसपास जातं असा अंदाज या क्षेत्रातले लोक सर्रास धरतात, आणि बोट जुनी असेल तर टक्का वर जातो कारण किंमत उतरते पण बर्थवाला बोटीच्या लांबीवर, दर मीटरमागे पैसे घेतो, त्याला बोटीच्या वयाशी काही देणंघेणं नाही. त्यात घसारा धरा 5, आणि अडकलेल्या पैशावर जे व्याज मिळालं असतं ते 5. झाले 20. तुमचा चौथा हिस्सा म्हणजे 5, बोटीच्या किमतीच्या 5 टक्के.

आता त्याच लांबीच्या, त्याच वयाच्या बोटीचं तुम्हाला हव्या त्या तारखांचं चार्टरचं कोटेशन मागवा आणि त्या 5 शी ताडून बघा. दोन आठवड्यांसाठी बहुतेक वेळा चार्टरच स्वस्त पडतं. पाच सहा आठवडे खरंच जाणार असाल तर पारडं फिरतं. ‘खरंच’ या शब्दावर जोर आहे, कारण शेअर घेताना सगळेच म्हणतात आता दर वीकेंडला जाणार, आणि मग मुलांच्या परीक्षा, ऑफिस, पाहुणे. त्यामुळे मागच्या तीन वर्षांत किती दिवस पाण्यावर होतात तो आकडा घ्या, पुढच्या तीन वर्षांचा स्वप्नातला नको.

आणखी एक, चौथा हिस्सा म्हणजे कागदावर 13 आठवडे. त्यातले निम्मे तरी थंडीवाऱ्याचे, आणि उरलेल्यात सगळ्यांना सुट्टीचेच आठवडे हवे असतात. हातात येतात ते दोन चांगले आणि बाकी जमेल तसे.

प्रश्न: आम्ही तिघं जुने मित्र. बोट ठरलीये, पैसे तयार आहेत. एक जण म्हणतो आपल्यात कसला करार, विश्वास आहे ना. खरंच कराराची गरज आहे?

आहे. मैत्री आहे म्हणून तर जास्त आहे.

आणि करारात सगळ्यात आधी बाहेर पडायचं कसं ते लिहा. बोट घेताना सगळे खूश असतात, अवघड वेळ येते ती एकाची बदली झाली, पाठ धरली, घटस्फोट झाला किंवा नुसता कंटाळा आला तेव्हा. त्याला पैसे परत हवेत, उरलेल्या दोघांकडे ते नाहीत, आणि बाहेरचा माणूस तिसरा हिस्सा अनोळखी लोकांबरोबर घ्यायला उड्या मारत येत नाही. मग ते घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडतं आणि दर महिन्याचा खर्च कोणी द्यायचा यावरून बोलाचाल बंद. म्हणून आत्ताच लिहा: हिस्सा आधी इतर दोघांना दाखवायचा, किंमत तटस्थ सर्व्हेयरने ठरवायची, त्यांनी ठराविक महिन्यांत घ्यायचा, नाहीतर बाहेर विकायला मोकळीक, आणि तेही जमलं नाही तर पूर्ण बोट विक्रीला काढायची. तोपर्यंत जाणाऱ्याने आपला खर्चाचा वाटा देत राहायचं. कोणी वारलं तर वारसांचं काय, हेही. बोलायला जड जातं पण लिहा.

हिस्से बोटींच्या नोंदणीच्या रजिस्टरवर कसे दिसतात तेही बघून घ्या. ब्रिटिश रजिस्टरच्या पहिल्या भागात, म्हणजे पार्ट वनमध्ये, बोट 64 हिश्शांत विभागलेली असते, म्हणजे तिघांत सारखे भाग पडतच नाहीत. 22, 21, 21 करून मग आपसात बरोबरी लिहून ठेवावी लागते, किंवा हिस्से एकत्र नावावर घ्यावे लागतात. तुमच्या देशाचं रजिस्टर काय म्हणतं ते विचारा.

पैशाचं म्हणाल तर दोन खाती ठेवा. एक महिन्याच्या चालू खर्चाचं, दुसरं मोठ्या खर्चाचं, आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा म्हणजे स्टँडिंग रिगिंग दहा बारा वर्षांनी बदला असं बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या म्हणतात, सेलड्राइव्ह (इंजिनचा पंखा बोटीच्या तळातून खाली काढायची रचना) असेल तर तळाच्या भोकावरचा रबराचा डायफ्राम व्होल्वो पेंटा सात वर्षांनी बदलायला सांगते. या तारखा आधीच माहीत असतात, तरी त्या साली सगळे असे दचकतात की जणू वीज पडली.

बाकी खटके बारीक गोष्टींवरून उडतात. डिझेल अर्धं, संडासाची होल्डिंग टँक भरलेली, ओली शिडं तशीच गुंडाळून ठेवलेली, आणि शिडाचे दोर ओढायच्या विंचचं हँडल पाण्यात पडलं हे सांगायची तसदी कोणी घेतलेली नाही. बोटीवर एक साधी वही ठेवा: परतल्यावर इंजिनचे तास, डिझेल, काय मोडलं, सही. तारखांसाठी एका वर्षी जो पहिला निवडेल तो पुढच्या वर्षी शेवटी. आणि दुरुस्तीचे निर्णय किती रकमेपर्यंत एकट्याने घ्यायचे ते ठरवा, नाहीतर एका पंपासाठीही बारभाईंचा कारभार.

भावाला, मेव्हण्याला बोट द्यायची का, हेही आधीच ठरवा. आणि कोणी पैसे घेऊन दिली तर ते व्यावसायिक वापरात धरलं जाऊ शकतं, मग साधी खासगी पॉलिसी क्लेम नाकारू शकते. एकाच्या चार पैशांपायी तिघांची बोट उघडी पडायची.

प्रश्न: एक कंपनी म्हणते बोट आमच्याकडून घ्या, पाच सहा वर्षं आमच्या चार्टर ताफ्यात ठेवा, भाड्यातून खर्च निघेल, वर्षाला काही आठवडे तुम्ही फुकट वापरा. फसवणूक आहे का?

फसवणूक म्हणणार नाही, बऱ्याच कंपन्या हे व्यवस्थित चालवतात. पण ‘फुकट’ नाही. ताफ्यातली बोट एका सीझनमध्ये जेवढी राबते तेवढी खासगी बोट कित्येक वर्षांत राबत नाही, आणि मुदत संपल्यावर ते इंजिन, ती शिडं, त्या गाद्या तुमच्या पदरात. मुदतीच्या शेवटी कंपनी काय काय दुरुस्त करून देणार ते करारात ओळीओळीने असायला हवं. ऐन सीझनमधले आठवडे तुम्हाला मिळतात का? बर्थ आणि इन्शुरन्स कोणाकडे? ‘गॅरंटीड’ उत्पन्नाची गॅरंटी नक्की कोणाची, त्याच कंपनीची असेल तर ती बुडाली की गॅरंटीही बुडाली. बोट तुमच्या नावावर राहते का हे वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. गुंतवणूक म्हणून तर बघूच नका.

प्रश्न: चार्टरमध्ये आमच्या डिपॉझिटमधून पैसे कापले, ओरखडा आम्ही पाडलाच नव्हता. वैतागून शेअर घ्यायचा विचार आहे.

वैतागून बोट घेऊ नका हो. स्वतःच्या बोटीलाही ओरखडा पडतो आणि इन्शुरन्समध्ये पहिली ठराविक रक्कम आपलीच जाते.

चार्टरचा चेक-इन बहुतेक ठिकाणी शनिवारी संध्याकाळी, सगळे दमलेले, सामान धक्क्यावर, आणि समोरचा माणूस यादीवर सही घ्यायच्या घाईत. तिथेच थांबा. दोन्ही बाजूंनी हलचा म्हणजे बोटीच्या बाहेरच्या अंगाचा व्हिडिओ काढा, पुढचं टोक आणि मागची शिडी जवळून. नांगराची साखळी थोडी बाहेर सोडून विंडलास, म्हणजे ती ओढायचं यंत्र, ओढतो का बघा, साखळीवरच्या मीटरच्या खुणा दिसतात का बघा. डिंगीचं म्हणजे सोबतच्या छोट्या होडीचं इंजिन चालू करून बघा, नुसतं आहे हे बघून भागत नाही. शीड पूर्ण उघडून शिवण बघा. जे सापडेल ते त्यांच्या यादीत लिहायला लावा, मगच सही. डिपॉझिटचा वेगळा विमाही मिळतो, फक्त हलगर्जीपणा म्हणजे काय याची त्यांची व्याख्या वाचून घ्या.

प्रश्न: दोघांकडेही लायसन्स नाही. शेअर घेतला तर लायसन्सची कटकट टळते का?

काही देशांत स्वतःच्या छोट्या खासगी बोटीला लागत नाही, काही ठिकाणी लागतंच, आणि इन्शुरन्सवाला अनुभव विचारणारच. बेअरबोट, म्हणजे बिनस्किपरची (सोबत कप्तान नसलेली), चार्टरला घ्यायला युरोपात बहुतेक ठिकाणी आयसीसी (बोट चालवता येते याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) किंवा त्याच्या तोडीचं सर्टिफिकेट मागतात, क्रोएशियात व्हीएचएफ रेडिओचंही. तुम्ही आधी एक आठवडा स्किपरसकट चार्टर घ्या आणि त्याला सांगा की बर्थमध्ये लावायचं काम आमच्याकडून करून घे. भर वाऱ्यात दोन बोटींच्या मधे उलटं शिरून बघा, मग पुढचं ठरवू.