‘माझ्यात तेवढं डेअरिंग आहे का, मॅडम?’

नर्सिंगचे निकाल लागले की पुढचे दोन-तीन महिने राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. ‘मिलिटरी नर्सिंगला जायचंय मॅडम, पण माझ्यात तेवढं डेअरिंग आहे का?’ मुलगी गडहिंग्लजची असो, शिरोळची असो नाहीतर आमच्याच गल्लीतली, शब्द बहुतेक हेच. कोल्हापुरात हे होणारच. ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे, शहरात टेरिटोरियल आर्मीची मराठा बटालियन आहे, पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर भरतीची पोरं धावताना दिसतात, तिथं वर्दीची ओढ कुणाला शिकवावी लागत नाही. पण गंमत बघा, भावाला कुणी विचारत नाही तुझ्यात डेअरिंग आहे का म्हणून. त्याची उंची मोजतात, छाती मोजतात आणि पाठवतात. मुलगी मात्र स्वतःलाच मोजत बसते, तेही टेप नसताना.

या प्रश्नाला मी काय उत्तर देते ते सांगण्यासाठी एका मुलीची गोष्ट सांगते. तिच्या घरच्यांना विचारून सांगतेय, नाव आणि खुणा बदलल्यात. पाच महिन्यांच्या भेटी आहेत, त्यातलं मोजकंच इथं येईल.

स्नेहल 23 वर्षांची. बी.एस्सी. नर्सिंग झालेलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात, शहरातल्या एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत नोकरी. वडील निवृत्त हवालदार, आता साखर कारखान्यावर सिक्युरिटीला. ती एकटी आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

‘नाइटला एक पेशंट गेला मॅडम. माझ्याच वयाचा. सगळं आवरलं, नातेवाइकांना सांगितलं, नोट्स लिहिल्या आणि मग लिनन रूममध्ये जाऊन रडले. इन्चार्ज सिस्टरनी बघितलं. म्हणाल्या, असली रडकी मिलिटरीत जाऊन काय करणार?’

‘रडलीस कधी?’

‘सांगितलं की. सगळं झाल्यावर.’

‘नोट्स लिहायच्या आधी, का नंतर?’

‘नंतर.’

एवढंच मी कागदावर लिहून ठेवलं: नंतर. लोक मला भावना सांगतात आणि मी क्रम ऐकत असते. जुनी सवय आहे. त्या क्षणी तिला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण तिच्या डोक्यात दुसरंच होतं. वडिलांनी फॉर्म भरायचा नाही म्हणून सांगितलं होतं. ज्या माणसानं आयुष्य फौजेत काढलं, ज्याच्या घरात वर्दीतला फोटो देवघरापेक्षा उंच लावलाय, त्यानंच.

‘कारण काय सांगतात?’

‘काहीच नाही. नको म्हणजे नको. आई म्हणते, लग्नाचं बघायचंय म्हणून.’

पुढच्या वेळी मी तिघांनाही बोलावलं. माणूस एकटा येतो तेव्हाही त्याच्या मागं सगळं घर सतरंजी टाकून बसलेलं असतं, असं मी बावीस वर्षं बघत आलेय. मग ते घर प्रत्यक्षच समोर बसवलेलं बरं.

आणि तिथं मी चूक केली. आईचं म्हणणं खरं धरलं आणि लग्नावर व्याख्यान दिलं. व्याख्यान चांगलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लग्न केलं म्हणून मिलिटरी नर्सिंगमधल्या एका लेफ्टनंटला 1988 मध्ये सेवेतून काढलं होतं. ज्या 1977 च्या नियमावर हे झालं तो 1995 मध्ये मागं घेतला गेला. आणि 14 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं ते काढणं बेकायदा ठरवून तिला 60 लाख रुपये द्यायला सांगितलं. हे सगळं मी सांगितलं. म्हणजे लग्न झालं की नोकरी गेली, ही भीती आता कायद्याला धरून नाही. मग ‘नर्सच की शेवटी’ हा आईचा सूर ऐकून आणखी सांगितलं, की भारतीय सैन्यातली पहिली स्त्री मेजर जनरल याच नर्सिंग सेवेतली होती, गर्ट्रूड ॲलिस राम, साल 1976. आईच्या चेहऱ्यावर फरक दिसला. वडील ताठ बसून म्हणाले, ‘बरोबर आहे मॅडम.’ थोड्या वेळानं पुन्हा, ‘बरोबर आहे.’ जाताना तिसऱ्यांदा.

फौजी माणसाचं ‘बरोबर आहे’ म्हणजे होकार नव्हे, ती सावधानची पोझिशन आहे. हे मला जिना उतरणाऱ्या त्यांच्या पाठीकडे बघताना कळलं. ते एकेका पायरीवर उजवा पाय जरा जपून टाकत होते.

तिसऱ्या भेटीत मी बोलणं बंद ठेवलं आणि मोठा कागद काढला. माझी एक लाडकी पद्धत आहे. घरातली माणसं कागदावर चौकोनांत मांडायची, आजोबा-पणजोबांपर्यंत, आणि प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहायच्या: कधी मोठं आजारपण आलं, आणि तेव्हा उशाशी कोण बसलं. नोकरी, शिक्षण, जमीन काही विचारायचं नाही. ज्या घरातून नर्स निघते त्या घराचा हा कागद मी नेहमी काढते. आजीचा लकवा, उशाशी आई. काकांची कावीळ, उशाशी आजी. आईची दोन्ही बाळंतपणं, उशाशी मावशी. स्नेहल भराभर सांगत होती. वडिलांच्या नावापाशी आल्यावर म्हणाली, ‘पप्पा कधी आजारीच पडले नाहीत.’

‘पाय मोडला हुता की,’ आई म्हणाली. ‘तू दीड वर्षाची हुतीस.’

‘उशाशी कोण होतं?’ मी विचारलं.

आई म्हणाली, ‘मी न्हाई. ह्यांनी येऊच दिलं न्हाई.’

खोलीतला पंखा तेवढा ऐकू येत होता. त्यांच्याकडे न बघता मी पेन्सिल कागदावर तशीच धरून ठेवली. अशा वेळी समुपदेशकानं पुढचा प्रश्न विचारला की संपलं. मला हे शिकायला फार वर्षं लागली.

‘अरुणाचलात गाडी घसरली,’ ते म्हणाले. ‘मांडीचं हाड. दोन ऑपरेशनं झाली, त्यात पू झाला. पाच महिने पडून हुतो मोठ्या एमएचमध्ये, मिलिटरी हॉस्पिटलात. रोज ड्रेसिंग. ट्रॉलीचा आवाज आला की घाम फुटायचा मला. एक दिवस त्या सिस्टरला शिवी दिली. आईवरनं. मराठीत दिली, म्हटलं हिला कुठं कळतंय. ती निघाली नगरची.’

आई आणि स्नेहल दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

‘कॅप्टन हुती, अधिकारी. मी साधा नाईक. तक्रार करून साहेबासमोर मार्चअप केलं असतं तर माझी गत काय झाली असती? काही केलं न्हाई तिनं. म्हणाली, नाईक, शिवी देऊन झाली का? मग पाय सरळ करा.’

मग बराच वेळ थांबून म्हणाले, ‘हिनं फॉर्मचं काढलं तवापासनं रोज रात्री तोच वॉर्ड दिसतोय. ट्रॉली घेऊन ही येती. आन् पलंगावर मी.’

म्हणजे लग्न नव्हतं, बदल्या नव्हत्या, सीमाही नव्हती. बाप मुलीला वाचवत होता ते स्वतःपासून. वीस वर्षांपूर्वीच्या, पाय कुजत असलेल्या, तोंड सुटलेल्या स्वतःपासून. मी या व्यवसायात अनेक नकार ऐकलेत. त्यातला हा सगळ्यात प्रामाणिक नकार होता आणि तो बाहेर यायला एक कोरा चौकोन पुरला, याचं मला आजही थोडं समाधान आहे.

पण खरी कलाटणी मी दिली नाही, स्नेहलनं दिली. मला वाटलं होतं ती रडेल. ती पुढं सरकून म्हणाली,

‘पप्पा, ड्रेसिंगच्या आधी पेनकिलर द्यायचे का?’

‘आधी न्हाई द्यायचे. ती सिस्टर आल्यावर सुरू झालं. अर्धा तास आधी गोळी, मग ट्रॉली.’

‘म्हणजे शिवीनंतर?’

‘दुसऱ्या दिवसापासनं.’

‘मग तिनं ऐकलं की तुमचं,’ स्नेहल म्हणाली.

वडील तिच्याकडे असे बघत होते, जणू ड्युटीवरच्या कुणाला तरी बघतायत. मग मी तिच्या पहिल्या भेटीचा कागद काढून तिच्यासमोर ठेवला. त्यावर एकच शब्द: नंतर. ‘त्या रात्री तू आधी काम केलंस आणि मग रडलीस. आज वडिलांनी एवढं मोठं सांगितलं तेव्हाही तू आधी पेनकिलरचं विचारलंस. आता रडायचं असेल तर रड.’ तेव्हा ती रडली. वडीलही.

आता ज्या मुली हाच प्रश्न घेऊन जिना चढणार आहेत त्यांच्याशी थोडं सरळ बोलते. डेअरिंग नावाची वस्तू आधी छातीत साठवायची आणि मग फॉर्म भरायचा, असा जो समज आहे तो मला कधीच पटलेला नाही. आणि ज्या कामासाठी तुम्ही ती साठवताय ते काम तरी नीट माहीत आहे का? सिनेमातली खंदकातली नर्स डोक्यातून काढा. फील्ड हॉस्पिटलला नेमणूक होऊ शकते, हे खरं. पण लष्करी दवाखान्यात जवानांच्या बायकांची बाळंतपणं होतात, लहान मुलांना ताप येतो, पेन्शनर आजोबांची शुगर वाढते. आणि मणका मोडून आयुष्यभरासाठी खुर्चीत बसलेला जवानही असतो. पुण्याला खडकीत अशा जवानांसाठीचं पॅराप्लेजिक केंद्र आहे. एक ड्रेसिंग पाच महिने रोज करता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. घरापासून दोन हजार किलोमीटरवर, हिंदीतून, वरिष्ठाचा हुकूम पाळत आणि हाताखालच्यांना हुकूम देत राहता येईल का, हेही विचारा. याची उत्तरं ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी देता येतात. डेअरिंगच्या प्रश्नाला तसं उत्तरच नसतं, म्हणून तो वर्षानुवर्षं पुरतो.

आता कागदपत्रांचं, कारण निम्मी भीती माहिती नसल्याची असते आणि ती घालवायला समुपदेशक लागत नाही. बारावीनंतरची वाट ‘नीट’ या प्रवेश परीक्षेतून जाते: पुण्याचं एएफएमसी म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय, शिवाय दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बंगळुरू इथली लष्करी नर्सिंग महाविद्यालयं. नर्सिंग आधीच झालेलं असेल तर शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी अधिकारी म्हणून नेमणूक. त्याला बी.एस्सी., पोस्ट बेसिक बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. नर्सिंग आणि कौन्सिलची नोंदणी लागते. नुसत्या जीएनएमवर, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमावर, चालत नाही. हे फॉर्म भरताना कळून रडत आलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांनी आधी पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची पदवी, करावं, वयाची मर्यादा 21 ते 35 असल्यानं वेळ असतो. संगणकावरची परीक्षा, मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. निवड झाली की लेफ्टनंट. सातव्या वेतन आयोगानं ठरवलेलं मूळ वेतन 56,100 रुपयांपासून, त्यावर 10,800 मिलिटरी सर्व्हिस पे आणि भत्ते. सेवा सुरुवातीला 5 वर्षांची, वाढत जाऊन 14 वर्षांपर्यंत. म्हणजे ‘जन्माची बांधली जाईल का’ या आईच्या प्रश्नालाही उत्तर आहे. जाहिरात दरवर्षी ठरल्या महिन्यात येतेच असं नाही, म्हणून ‘आली की अभ्यास करू’ म्हणणाऱ्या मुली मागं पडतात. मुलगेही विचारायला येतात. ही सेवा फक्त स्त्रियांची आहे. मुलग्यांसाठी सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंटची भरती असते, ती अधिकाऱ्याची नव्हे. तोंड पाडून जातात बिचारे.

घरच्यांना एकच विनंती. नको म्हणताना खरं कारण सांगा. आणि मुलींनो, खरं कारण बाहेर यायला वेळ द्या. लगेच कायदा काढू नका, मी काढला होता तसा.

स्नेहलची पहिल्या खेपेला निवड झाली नाही. मुलाखतीत अडखळली, हिंदी कच्चं पडलं. ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण पिशवीत पुढच्या खेपेसाठीचं पुस्तक होतं. घरी वडील रोज संध्याकाळी तिची हिंदीतून मुलाखत घेतात. ते पेशंट होतात, ऐकायचं नाकारतात, ती समजावते.

परवा आईचा फोन आला. ‘मॅडम, तुम्ही ह्यांना हे काय लावून दिलंय? जेवायला हाक मारली की हे पलंगावर आडवं होऊन ओरडत्यात, दवाई नहीं लूँगा. आन् पोरगी म्हणती, नाईक, पाय सरळ करा. आमटी गार होऊन जाती रोज.’