पहिलं फीमर नेलिंग करण्याआधी

मोडलेल्या फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) पोकळीत नेल, म्हणजे धातूचा रॉड, बसवायची पहिली केस मिळतेय म्हणालास, मस्त! पोलर स्क्रू (नेलची दिशा राखणारे जादा स्क्रू), रेट्रोग्रेड नेल (गुडघ्याकडून घालायचा प्रकार) वगैरे सध्या बाजूला ठेव.

सगळ्यात आधी फीमरची मान (खुब्याच्या गोळ्याखालचा अरुंद भाग) नीट बघ. मोठ्या अपघातात मांडीचं हाड मोडलं की त्याच बाजूच्या मानेलाही बारीक चीर असू शकते आणि ती सहज नजरेतून सुटते. शंका आली तर सीटी कर. नेल बसल्यावर, पेशंटला टेबलावरून हलवण्याआधी, सी-आर्मखाली (ऑपरेशन थिएटरमधलं एक्स-रे मशीन) मान पुन्हा बघ.

मग एन्ट्री, म्हणजे नेल हाडात शिरवायची जागा. माझ्या मते अर्धं ऑपरेशन इथेच होतं. सरळ नेलला पिरिफॉर्मिस फोसा (मानेच्या मुळाशी असलेला खळगा), वरच्या टोकाला वळवलेल्या नेलला मोठ्या ट्रोकँटरचं (हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्याचं) टोक. समोरून आणि बाजूने, दोन्ही व्ह्यूंमध्ये ऑल (भोक पाडायचं टोकदार हत्यार) जागेवर दिसेपर्यंत पुढे जाऊ नकोस. सीनियर घाई करत असले तरी. इथे चुकलास तर वरचा तुकडा वाकडाच राहतो, मग कितीही खटपट कर.

नवीन मुलांच्या नेहमीच्या चुका:

- रिडक्शन (तुकडे जुळवणं) न करताच रीमिंग (हाडाची पोकळी आतून रुंद करणं). नेल आपोआप हाड जुळवेल असं समजू नकोस.
- रीमर काढताना गाइड वायरही (रीमर जिच्यावरून आत जातो ती तार) बाहेर येणं. असिस्टंटला ती धरायला सांग.
- रोटेशन (पाय आत-बाहेर फिरलाय का) न बघता दोन्हीकडे लॉकिंग (नेलच्या टोकांशी आडवे स्क्रू घालणं). गुडघ्याची वाटी समोर ठेवून चांगल्या पायाच्या लेसर, म्हणजे लहान, ट्रोकँटरची (मानेखालच्या आतल्या उंचवट्याची) इमेज ड्रेपिंगआधीच (निर्जंतुक कापडं पांघरण्याआधी) सेव्ह कर, नंतर तुलनेला तीच कामी येते.

डिस्टल (गुडघ्याकडच्या) लॉकिंगला वेळ लागेल, लागू दे. सी-आर्मवर नेलमधलं भोक पूर्ण गोल दिसल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नकोस.