जॅझ पियानोवादक विजय अय्यर पियानो कुणाकडे शिकले? भौतिकशास्त्र सोडून ते संगीतात कसे आले?

पियानोसाठी त्यांना असा गुरू नव्हता; घरातल्या पियानोवर ते बहुतांशी कानानेच शिकले. पण याचा अर्थ तालीम नव्हती असा नाही. तिसऱ्या वर्षापासून सुमारे 15 वर्षं ते पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन शिकले होते. पुढे येल विद्यापीठातून गणित-भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात पीएचडीसाठी गेले, तिथे सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन यांच्याबरोबर वाजवू लागले आणि भौतिकशास्त्राची पीएचडी सोडून 1998 मध्ये संगीताच्या आकलनावर, म्हणजे माणसाला संगीत कसं उमगतं यावर, पीएचडी पूर्ण केली. पहिला अल्बम त्याआधीच, 1995 मध्ये आला होता. 2013 ला मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला, 2014 पासून ते हार्वर्डमध्ये शिकवतात.

ऐकायला 'हिस्टोरिसिटी' (2009) या अल्बमपासून सुरुवात करा. त्यातल्या 'मिस्टिक ब्रू'मध्ये ठोक्यांचे लहान-मोठे गट फिबोनाची संख्यांच्या (1, 1, 2, 3, 5, 8… आधीच्या दोन मिळून पुढची) प्रमाणात आहेत. सम शोधत बसलात तर हमखास चुकाल, कारण गटांची लांबी सारखी नसते. आधी फक्त बेसकडे कान द्या, मग ड्रम्सकडे. पियानो शेवटी. तबल्याची सवय असलेल्या कानाला 'तीर्थ' (2011) जवळचा वाटेल: त्यात प्रसन्ना यांची गिटार आणि नितीन मिट्टा यांचा तबला आहे.