सिसिलियन, सिसिली आणि अहि

'सिसिलियन हा सिसिली बेटावरचा साप का? मराठीत त्याला आंधळा साप म्हटलेलं चालेल का?' असा प्रश्न आहे.

नाही, आणि नाही. सिसिलीशी नातं फक्त उच्चारापुरतं. मूळ लॅटिन 'काइकुस', म्हणजे आंधळा. साप तर तो नव्हेच, बेडकांच्या गणगोतातला बिनपायांचा उभयचर आहे. आणि आंधळा साप म्हणजे वाळा, त्याचं नाव हिसकावून याला कशाला द्यायचं? मातीतून लांबट, गुळगुळीत काही निघालं की 'दुर्मिळ मांडूळ' म्हणून फोटो फिरवणाऱ्यांपुढे तर हात टेकले. मांडुळाला खवले असतात हो! याच्या अंगावर ओलसर कातडी आणि वळ्या. मराठीत देवगांडूळ हा शब्द आहे, तो वापरावा.

पण खरी गंमत पुढे आहे. सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या एका देवगांडुळाचं २००३ साली बारसं झालं: गेगेनिओफिस डॅनिएली. 'डॅनिएली' हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनिएल यांच्यावरून. 'गेगेनिओफिस' मात्र अस्सल ग्रीक. 'गे' म्हणजे भूमी. 'गेनेस' म्हणजे जन्मलेला, आपला 'जन्' धातूच तो. आणि 'ओफिस' म्हणजे साप, अर्थात संस्कृत 'अहि'! ग्रीकात 'फ' तिथे संस्कृतात 'ह' कसा, असं विचाराल तर ग्रीक 'फोनोस' (वध) आणि संस्कृत 'हन्' ही जोडी पाहा. ऋग्वेदात इंद्राने वृत्राला मारलं ते 'अहन्नहिम्', म्हणजे 'अहन् अहिम्', अहीला मारलं. त्या एका पदजोडीतले दोन्ही 'ह' एकाच जुन्या ध्वनीतून आलेले! काही विद्वान 'अहि'ला ओफिसऐवजी ग्रीक 'एखिस'शी (विषारी साप) जोडतात. खुशाल जोडोत, पण ही जोडी समोर असताना एवढा वळसा कशासाठी, ते सांगावं.

म्हणजे आंबोलीचा हा प्राणी झाला भूमिज अहि. शास्त्रज्ञांनीही साप म्हटलंच की, असं कुणी म्हणेल. म्हटलं खरं, पण निदान झोकात म्हटलं. परिभाषेतलं 'अपाद उभयचर' वाचून तर जांभई येते. माझं विचाराल तर ऋग्वेदातलाच 'अहिर्बुध्न्य' घ्यावा. बुध्न म्हणजे तळ, त्या तळातला अहि. मराठी 'बूड'ही मला त्याच घरचं वाटतं. पंडित म्हणतील, तो अहिर्बुध्न्य खोल पाण्यातला, मातीतला नव्हे. असेना! उत्तराभाद्रपदा नक्षत्राची देवता म्हणून आकाशात बसवताना कुठे पाणी शोधलं होतं?